गाडीचा उपास

मुजफ्फर : वायर कापायला मला मिनिट लागनार न्हाई, काका. पन कापल्यावर ही गाडी ऱ्हानार न्हाई. कोंबड्या ठेवायला कामाला यील.

गहिनीनाथ : सगळ्या कापू नकोस. पडद्यावर ती सूचना येते ना, तेवढी बंद कर. आणि इंजिनाला जाणारी एखादी असेल, ती.

(राहुरी. मुजफ्फरचं गॅरेज. दुपार. दोन ट्रॅक्टर, एक टेम्पो, आणि त्यांच्यात चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरल्यासारखी उभी असलेली एक पांढरी परदेशी गाडी.)

मुजफ्फर : वाचून दाखवा बरं काय म्हनती ती. माझं इंग्रजी ट्रॅक्टरपुरतं हाय.

गहिनीनाथ : म्हणते, टाकीतलं पेट्रोल एक वर्षापेक्षा जुनं झालंय. ते खराब होऊ नये म्हणून इंजिन आपोआप सुरू होईल आणि ते जाळेल. पुढे ढकलायचं असेल तर इथे दाबा.

मुजफ्फर : मग दाबा की.

गहिनीनाथ : सात दिवस दाबतोय. आज सकाळी म्हणाली, ही शेवटची वेळ. उद्या बटन दाबून गाडी चालू केली की इंजिन सुरू होणार, विचारणार नाही.

मुजफ्फर : नोटीसच म्हना की. आमचा ट्रॅक्टर बरा. बंद पडतो, मग कळतं.

गहिनीनाथ : म्हणून तुझ्याकडे आणली. शोरूमला नेली असती तर त्यांनी आनंदाने सुरू करून दिलं असतं.

मुजफ्फर : आता मला जरा समजून सांगा. मागं तुमचे रविराजभाऊ सांगत व्हते, ही दोनीवर चालती. घरी चार्जिंग लावायचं, त्याच्यावर पळवायची. चार्जिंग सरलं की आपोआप पेट्रोलवर जाती. खरं का?

गहिनीनाथ : खरं. भरलेल्या बॅटरीवर पंचेचाळीस किलोमीटर. पुढे पेट्रोल.

मुजफ्फर : मग वर्षात एकदा बी पंचेचाळीसच्या पुढं गेला न्हाई?

गहिनीनाथ : गेलो की. जामखेडला गेलो, नगरला तर कितीदा गेलो. बॅटरी संपू द्यायची नाही, एवढंच. पाच किलोमीटर उरले की प्लग शोधायचा. केबल डिकीत असते. पंधरा अँपिअरचा प्लग कुठेही मिळतो. नातेवाईक, पिठाची गिरणी, मंगल कार्यालय. एकदा एका सलूनमध्ये लावली. तीन तास. दाढी-कटिंग करून घेतली, मग मालिश, मग पुन्हा दाढी.

मुजफ्फर : आन् टाकीत पेट्रोल व्हतं.

गहिनीनाथ : होतं.

मुजफ्फर : म्हंजी घरात सैपाक झालेला, अन् तुमी ताट घिऊन शेजारी उभं.

गहिनीनाथ : तुझी काकू वेगळं म्हणायची. ती म्हणायची, गाडीचा उपास. पडद्यावर आकडा येतो ना, शेवटचं इंजिन सुरू झालं त्यानंतर किती किलोमीटर झाले तो. रोज सकाळी विचारायची, आज कितवा उपास? हजार पूर्ण झाले त्या दिवशी शिरा केला तिने.

मुजफ्फर : कुनासाठी?

गहिनीनाथ : गाडीसाठी. खाल्ला मी.

मुजफ्फर : काकूंचं तसंच व्हतं. आमच्या अब्बांना म्हनल्या हुत्या, चांदभाई, तुमी आमच्या ह्यांची राजदूत फटफटी नीट करू नका, बंद असली म्हंजी हे घरी ऱ्हात्यात.

गहिनीनाथ : विद्यापीठात तेहतीस वर्षं ठिबकवर काम केलं मी. एका झाडाला तासात किती थेंब, हे मोजायची नोकरी. रिटायर झालो तेव्हा ती म्हणाली, आता थेंब मोजायचे नाहीत. मग रविराज कॅनडाला गेला आणि ही गाडी ठेवून गेला. तिचा पडदा थेंबसुद्धा मोजतो.

मुजफ्फर : तपासायचं मशीन लावतो. वायर कापायची का न्हाई ते मागनं बघू. आधी कळू तर द्या पोटात काय हाय ते.

गहिनीनाथ : लाव. पण एक सांगतो. मोनिका येतेय नगरहून. तिच्यापुढे टाकीचा विषय काढू नकोस.

मुजफ्फर : ताई इकडं कशाला?

गहिनीनाथ : गाडी विकायचीय तिला. जामखेडचे एक डॉक्टर आहेत, काकासाहेब नाव. त्यांनी सांगितलंय, गॅरेजवाल्याकडून इंजिन तपासून घ्या, चालू इंजिनाचा व्हिडिओ पाठवा, मग रविवारी न्यायला येतो.

मुजफ्फर : मग तर इंजिन चालू करावंच लागंल.

गहिनीनाथ : म्हणून तर वायर काढ म्हणतोय. तू सांग, इंजिन खराब झालंय. इलाज नाही.

मुजफ्फर : चांगल्या इंजिनाला खराब म्हनू? काका, लोकं खराब इंजिन घिऊन येत्यात आन् चांगलं म्हन म्हनत्यात. तुमचंच उलटं.

गहिनीनाथ : खराब झालंही असेल. वर्षभराचं पेट्रोल आहे. साका धरत असेल, पाइप तुंबले असतील. सुरू होणारच नाही कदाचित.

मुजफ्फर : हुईल. पयल्यांदा दोन-चार डाव खोकंल. ह्या गाड्यांची टाकी हवाबंद असती, पेट्रोल तितकं उडत न्हाई.

गहिनीनाथ : तू खात्रीने कसं सांगतोस? आणि सात महिन्यांपूर्वी?

मुजफ्फर : काय सात म्हैन्यापूर्वी?

गहिनीनाथ : सात महिन्यांपूर्वी चालू केलं असतं तर? तेव्हा सहा महिन्यांचं होतं पेट्रोल. झालं असतं का सुरू? नक्की नाही ना सांगता येत.

मुजफ्फर : सहा म्हैन्याचं पेट्रोल म्हंजी काय जुनं न्हवं. तवा तर एका बटनात... काका, तुमी खाली बसा. तोंड पांढरं पडलंय. पानी दिऊ?

गहिनीनाथ : नको. ती आली बघ.

मोनिका : मुजफ्फरभाऊ, सावलीत लावू का स्कूटी? नगरहून इथवर येईपर्यंत हँडल तापलंय. अण्णा, जेवलात?

गहिनीनाथ : हो.

मोनिका : काय जेवलात?

गहिनीनाथ : जेवलो म्हटलं ना.

मोनिका : म्हणजे नाही. डबा आणलाय, इथे खाऊन घ्या. झालं का इंजिन तपासून? त्या डॉक्टरांचे सकाळपासून तीन फोन झाले. त्यांना त्याच्या आवाजाचा व्हिडिओ पाहिजे.

मुजफ्फर : अजून चालू न्हाई केलं, ताई.

मोनिका : कसं करणार. मला माहीत होतं, म्हणून येतानाच घेऊन आले. ते बघा, स्कूटीच्या पायाशी कॅन आहे. चार लिटर. पंपावरचा देत नव्हता, म्हणाला कॅनमध्ये देत नाही. म्हटलं बाबा, माझ्या आईचा जीव ज्या गाडीने घेतला ती विकायचीय, दे. त्याने गप दिलं.

गहिनीनाथ : पंपावर असं बोलतात का?

मोनिका : मग काय बोलू? टाकी रिकामी होती आणि गाडीने एकदाही सांगितलं नाही, हे खोटं आहे का? मुजफ्फरभाऊ, ओता हे. मी व्हिडिओ काढते. त्या गाडीत मी बसणार नाही, तुम्हीच चालू करा.

मुजफ्फर : ताई, ते कॅन ऱ्हाऊ द्या.

मोनिका : का? दर्जा चांगला आहे, पावती आहे.

मुजफ्फर : तसं न्हाई.

मोनिका : मग कसं?

मुजफ्फर : बसायचं न्हाई.

मोनिका : काय बसायचं नाही?

मुजफ्फर : पेट्रोल. टाकीत. जागा न्हाई.

मोनिका : चार लिटरला जागा नाही? रिकामी टाकी आहे.

मुजफ्फर : काका, मी च्या सांगून येतो.

मोनिका : चहा नको. मशीन लावलंय ना तुम्ही? काय दाखवतंय?

मुजफ्फर : अडतीस लिटर.

मोनिका : कधी भरलं? अण्णा, तुम्ही भरलंत? मला सांगायचं ना मग, मी उगाच स्कूटीवर ते कॅन...

गहिनीनाथ : मी नाही भरलं.

मोनिका : मग कोणी?

गहिनीनाथ : रविराजने. जायच्या आदल्या दिवशी.

मोनिका : रवी गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये गेला.

गहिनीनाथ : हो.

मोनिका : आई फेब्रुवारीत गेली.

गहिनीनाथ : हो.

मोनिका : मुजफ्फरभाऊ, मशीन चुकतं का कधी?

मुजफ्फर : आमचं चुकतं, ताई. पन पडद्यावर गाडीचा बी काटा हाय. त्यो बी तेच म्हनतो.

मोनिका : अण्णा, तुम्ही दवाखान्यात मला म्हणालात, चार्जिंग संपलं आणि टाकी रिकामी होती. पेट्रोल भरायचं राहून गेलं, असं म्हणालात. मी म्हटलं, जाऊ द्या, माणूस विसरतो. तुम्हाला मी पाणी पाजलं तेव्हा.

गहिनीनाथ : चार्जिंग संपलंय असं तुला अजिनाथने सांगितलं. ढाबेवाल्याने. तो फोनवर तुला म्हणाला, तेव्हा मी शेजारी होतो. मी फक्त नाही म्हणालो नाही. टाकीचं तू विचारलंस तेव्हा... तेव्हा मी हो म्हणालो.

मोनिका : सात महिने.

गहिनीनाथ : सात महिने आणि बारा दिवस.

मोनिका : मोजू नका. कृपा करून इथे तरी मोजू नका. मी त्या कंपनीला चार ईमेल लिहिल्या, अण्णा. तुमची गाडी माणसाला रस्त्यात सोडते, टाकी रिकामी आहे हे सांगत नाही, असं लिहिलं. नेटवर एक तारा दिला. त्यांनी दिलगिरी कळवली आणि गाडी फुकट धुण्याचं कूपन पाठवलं. माझ्या डोक्यात इतकी सणक गेली होती, मी ते तुमच्यासमोर फेकून दिलं.

गहिनीनाथ : ते मी वापरलं.

मोनिका : काय वापरलं?

गहिनीनाथ : कूपन. मुदत संपत होती.

मोनिका : मुजफ्फरभाऊ, हसलात तर बघा.

मुजफ्फर : हसत न्हाई, ताई. खोकला आला.

मोनिका : सगळं सांगा आता. जामखेडहून निघाल्यापासून.

गहिनीनाथ : तुला माहीत आहे. नात्यातल्या संस्कृतीचं लग्न लागलं, जेवण झालं, दीडच्या सुमाराला निघालो. वाटेत कडा गावात तुझ्या आईच्या मावसभावाकडे दोन तास चार्जिंगला लावली. तिथपर्यंत ती बरी होती. भावाशी गप्पा मारल्या, त्याच्या सुनेला लोणच्याचं प्रमाण सांगितलं. मग निघालो. चिचोंडीच्या जवळ आलो तेव्हा पाच किलोमीटर उरले होते. नगर बावीस.

मोनिका : मग?

गहिनीनाथ : अजिनाथच्या ढाब्यामागे पिठाची गिरणी आहे. ती बंद होती, त्याने प्लग दिला. मी म्हटलं, दीड तास लावू. वीसेक किलोमीटर येतील, हातातले पाच आहेत. नगरला तुझ्या घरी पोचलो की रात्रभर लावू. बरोबर बसत होतं.

मोनिका : आई काय म्हणाली?

गहिनीनाथ : गाडीतच बसून होती. म्हणाली, अहो, मला बरं वाटत नाही, पेट्रोलवर चला ना. गाडीत पेट्रोल आहे ना.

मोनिका : आणि तुम्ही?

गहिनीनाथ : मी म्हटलं, एकोणीसशे ऐंशी किलोमीटर झालेत. मोनिकाच्या दारात दोन हजार होतील. आता इथे उपास मोडायचा?

मोनिका : मग काय म्हणाली?

गहिनीनाथ : बरं म्हणाली.

मोनिका : बरं.

गहिनीनाथ : ती नेहमी बरं म्हणायची. भंडारदऱ्याला जायचं होतं तिला, गाडी आल्यापासून मागे लागली होती. घाट आहे, प्लग मिळायचे नाहीत, बॅटरीवर जमायचं नाही, म्हटलं. तेव्हाही बरं म्हणाली. मला वाटायचं, तिला पटतंय.

मोनिका : किती वेळ लावली होती गाडी?

गहिनीनाथ : एक तास दहा मिनिटं.

मोनिका : तेवढ्यात किती भरलं?

गहिनीनाथ : मोजू नका म्हणालीस.

मोनिका : सांगा.

गहिनीनाथ : चौदा किलोमीटर.

मोनिका : आणि पेट्रोलवर नगरला पोचायला किती वेळ लागला असता?

गहिनीनाथ : पंचवीस मिनिटं. रस्ता चांगला झालाय आता.

मुजफ्फर : ताई, बसा तुमी बी. त्यो स्टूल पुसून दिलाय.

मोनिका : मग ती पडली.

गहिनीनाथ : पडली नाही. टेकली. मला वाटलं झोपली. मी पडद्याकडे बघत होतो. मग अजिनाथ चहा घेऊन आला आणि त्याच्या लक्षात आलं. मी आधी केबल काढायला गेलो. चार्जिंग चालू असताना तिला लॉक असतं, ओढून निघत नाही. मला लॉक कसं काढायचं तेच आठवेना. रोज काढत होतो. अजिनाथने त्याची पिकअप आणली, त्याने आणि एका गिऱ्हाइकाने तिला उचललं. मला म्हणाला, काका, सोडा ती वायर, चार्जिंगच्या गाडीचा काय उपयोग. मीही म्हटलं, हो. चार्जिंगच्या गाडीचा काय उपयोग. गाडी तिथेच भरत राहिली. तिसऱ्या दिवशी आणायला गेलो तेव्हा पूर्ण भरलेली होती.

मोनिका : दवाखान्यात मी डॉक्टरांना विचारलं होतं. अर्धा तास आधी आली असती तर. ते म्हणाले, सांगता येत नाही, पण आधी आलेलं बरंच असतं.

गहिनीनाथ : मी तिथेच होतो.

मोनिका : सगळीकडे तुम्ही तिथेच होतात. फक्त बोलत नव्हता.

गहिनीनाथ : हो.

मोनिका : मला तिचा फोन आला होता. ढाब्यावरून.

गहिनीनाथ : माहीत आहे.

मोनिका : काय माहीत आहे?

गहिनीनाथ : मी शेजारच्या सीटवर होतो, मोनिका. ती हळू बोलली तरी ऐकू येतं.

मोनिका : मग सांगा, काय म्हणाली?

गहिनीनाथ : कशाला आता.

मोनिका : तुमचं सगळं सांगितलंत, माझंही सांगा. मुजफ्फरभाऊ ऐकतायत, ऐकू देत. आई म्हणाली, मोना, छातीत जळजळतंय, पाठीतही भरून आलंय. मी मेडिकलच्या काउंटरवर होते, पुढे पाच माणसं उभी. मी म्हटलं, लग्नाचं जेवण आहे, ॲसिडिटी असेल. पर्समध्ये मी दिलेली गोळी आहे ती घे, ढाब्यावर थंड दूध मिळालं तर पी. काही घाई करू नका, आरामात या. आरामात या, असं म्हटलं मी.

गहिनीनाथ : हो.

मोनिका : ती हसून म्हणाली, आरामातच येतोय बाई, गाडीचा उपास चाललाय. मला कळलंच नाही काय म्हणते. विचारलंही नाही. गिऱ्हाईक होतं.

गहिनीनाथ : गोळी घेतली तिने. दूध नव्हतं.

मोनिका : हे तुम्ही कोणाला बोलला नाहीत.

गहिनीनाथ : नाही.

मोनिका : रवीला?

गहिनीनाथ : नाही.

मोनिका : का?

गहिनीनाथ : तुझं औषधाचं दुकान आहे. लोक तुझ्यावर विश्वासाने गोळ्या घेऊन जातात.

मोनिका : आता नाही देत. छातीत जळजळ म्हणून कोणी आलं की मी त्याला आधी ईसीजीला पाठवते. मसाल्याचं खाल्लंय हो ताई, म्हणतात. मी म्हणते, आधी पट्टी काढून आणा. समोरच्या दुकानदाराचा धंदा वाढलाय त्यामुळे. पंकजा म्हणून माझ्याकडे मुलगी आहे कामाला, तिला वाटतं माझं डोकं फिरलंय.

मुजफ्फर : फिरलं न्हाई, ताई. बरोबर करताय.

मोनिका : मी सात महिने त्या गाडीला शिव्या घालत होते, अण्णा. रोज. गाडीमुळे गेली, गाडीमुळे गेली. कोणी काही बोललं नाही म्हणून बरं वाटायचं मला. आणि तुम्ही समोर बसून ऐकायचात.

गहिनीनाथ : मलाही बरं वाटायचं.

मुजफ्फर : गाडीनं काय केलंय ह्यात. ती बिचारी वर्षभर सांगती, माझ्याकडं पेट्रोल हाय, पेट्रोल हाय.

मोनिका : मग विकायची नव्हती, तर सरळ तसं म्हणायचं. इंजिन का चालू करू देत नाही?

गहिनीनाथ : विकायला माझी ना नाही. ने म्हणावं त्या डॉक्टरला. पण न चालू करता ने.

मोनिका : असं कोण घेईल?

गहिनीनाथ : कोणी नाही घेणार, मग राहील.

मोनिका : पण का?

गहिनीनाथ : रात्री मी एकच गोष्ट म्हणून झोपतो. की इंजिन इतके महिने बंद होतं, पेट्रोल जुनं होतं, त्या दिवशी बटन दाबलं असतं तरी ते सुरू झालंच नसतं. मग पुन्हा प्लगच शोधावा लागला असता. मग काही फरक नव्हता. असं म्हटलं की दोनला डोळा लागतो. आणि ही बया उद्या सकाळी आपोआप सुरू होणार म्हणते.

मोनिका : सुरू झालं तर?

गहिनीनाथ : आज झालं, तर त्या दिवशीही झालं असतं.

मोनिका : आणि नाही झालं तर?

गहिनीनाथ : म्हणून तर वायर काढ म्हणतोय याला. कळूच नये.

मुजफ्फर : काका, एक बोलू? माझ्याकडं लोकं बंद गाड्या घिऊन येत्यात. आवाज कशाचा, धूर कशाचा. मी सांगतो त्यांना, कळल्याशिवाय झोप येत न्हाई. कळल्यावर बी लगेच येत न्हाई, ते खरं. पन कधीतरी येती.

गहिनीनाथ : तुला कोणी विचारलं नव्हतं.

मुजफ्फर : तेबी खरं.

मोनिका : चावी द्या, अण्णा.

गहिनीनाथ : चावी नसते. बटन आहे.

मोनिका : मग ते खिशातलं द्या, जे काय असतं ते.

गहिनीनाथ : मोनिका.

मोनिका : मी तुम्हाला माफ केलेलं नाही. आधी सांगून ठेवते.

गहिनीनाथ : मी मागितलेली नाही.

मोनिका : स्वतःलाही केलेलं नाही. तरी रोज सकाळी शटर उघडते ना मी. द्या.

गहिनीनाथ : घे. ब्रेकवर पाय ठेवून बटन दाबायचं. मग पडदा विचारेल. त्या वेळी इंजिन सुरू करा, असं येईल ते दाबायचं.

मोनिका : मुजफ्फरभाऊ, तुम्ही इकडे या, मला दाखवा. अण्णा, हे काय, ही शेजारची सीट इतकी पुढे कशाला?

गहिनीनाथ : तिची उंची. तिचे पाय टेकत नव्हते. असू दे तशीच.

मोनिका : पिनही आहे इथे साडीची.

गहिनीनाथ : असू दे.

मुजफ्फर : ताई, ब्रेक दाबा. हां. आता पडद्यावर ते पिवळं बोटाचं चित्र दिसतंय, तिथं. थोडा येळ लागला तर घाबरू नका. वर्षाचं बंद इंजिन हाय, खोकंल, धूर दील.

मोनिका : दाबलं.

गहिनीनाथ : मी बाहेर उभा राहू का?

मोनिका : इथेच उभे राहा.

गहिनीनाथ : सहसा सुरू होत नाही हं ते असं. इतक्या दिवसांनी. मी म्हटलं होतं, पाइप तुंबले असतील. मुजफ्फर, किती वेळ वाट बघायची असते? दोन मिनिटं? पाच? नाही झालं तर तसं लिहून देशील ना डॉक्टरला? इंजिन सुरू होत नाही असं, सहीनिशी.

मुजफ्फर : काका.

गहिनीनाथ : मी सांगतो ना, ते होणार नाही.

मुजफ्फर : काका, झालंय.

गहिनीनाथ : काय झालंय?

मुजफ्फर : सुरू. पयल्याच डावाला. तुमी बोलत व्हता तवाच.

गहिनीनाथ : काही ऐकू आलं नाही.

मुजफ्फर : बोनेटवर हात ठेवा. हितं. कळलं?

मोनिका : तो आकडा गेला, अण्णा. दोन हजार नऊशे होता काहीतरी. शून्य झाला.

गहिनीनाथ : दोन हजार नऊशे चार.

मोनिका : मी डॉक्टरांना फोन करून सांगते, या रविवारी नको. मुजफ्फरभाऊ, अडतीस लिटर संपायला किती लागेल?

मुजफ्फर : पाचशे किलोमीटर तरी. भंडारदऱ्याला जाऊन आला तरी उरंल.

मोनिका : उरलं तर उरू दे. अण्णा, डबा घ्या आणि बसा मागे. पुढे नको.

गहिनीनाथ : हे चालूच आहे अजून?

मुजफ्फर : चालूच हाय. ह्याचा आवाज एवढाच.

गहिनीनाथ : एवढाच?

मुजफ्फर : एवढाच.

गहिनीनाथ : झोप लागली असती तिला. नगर येईपर्यंत.